सोनटोलीची पहिली कुपी

१

अष्टमीच्या सकाळी सोनटोलीच्या देवळात आरती मधेच थांबली. देवीच्या पायाशी सोन्याचे कण भरलेली काचेची कुपी नव्हती.

आणि योग असा की, त्याच दुपारी खास ती कुपी पाहायला नागपूरहून रुपराव येऊन ठेपले. रुपराव इतवारीच्या सराफ्यात सोन्याचा कस लावण्याचं काम करत. वय अठ्ठावन्न, अंगाने काटकुळे आणि स्वभावाने चिकट. खांद्यावरच्या पिशवीत काळी कसोटी, तेजाबाची बाटली, एक भिंग आणि पानाचा डबा. माणसांपेक्षा धातू बरा, तो निदान घासल्यावर खरं बोलतो, असं त्यांचं ठाम मत होतं. बायको गेल्यापासून तर ते मत ते कोणालाही ऐकवत.

एस.टी.ने त्यांना फाट्यावर सोडलं. पुढची वाट तुरीच्या शेतातून होती आणि त्या कमरेएवढ्या तुरीत दोन्ही बाजूंनी लोखंडी दिव्याचे खांब उभे होते. एकाही खांबावर दिवा नव्हता. मधेच एका थिएटरची नुसतीच भिंत होती, तिच्यावर 'तिकीट' ही अक्षरं अजून वाचता येत होती. रुपरावांच्या अंगावर भरदुपारी काटा आला. उमरेडच्या पलीकडे, एका आडनदीच्या काठी, एवढं मोठं गाव कधीकाळी होतं आणि आता तिथे पंचवीस घरं उरली होती.

सरपंच चंपतराव वाटेतच भेटले. धिप्पाड माणूस, पण आज चेहरा उतरलेला. दसरा झाल्यावर सरकारी भूगर्भवाले नदी तपासायला येणार होते. सोनं निघालं तर खाण होईल, खांबांवर पुन्हा दिवे लागतील, अशी गावाला आशा लागली होती. कुपीतल्या, नदीत सापडलेल्या पहिल्या सोन्याचा कस सराफ्यातून लावून ठेवा, असं त्या लोकांनीच कळवलं होतं. म्हणून रुपरावांना बोलावणं गेलं होतं, आणि आता कस लावायला सोनंच नव्हतं.

"चोर सापडला आहे म्हणा," चंपतराव म्हणाले. "उद्या नवमी, परवा दसरा. दसऱ्याला गावसभा आहे. तिले गावाबाहेर काढणार आहोत."

"तिले म्हणजे कोणाले?"

"देवकीले. देऊळ झाडते ती. तिच्या बापानंही असंच केलं होतं. फक्त त्याले आम्ही धरू शकलो नाही."

२

गावाची हकिकत रुपरावांना बाबारावांनी सांगितली. बाबारावांचं हॉटेल म्हणजे चार बाकडी आणि एक भट्टी. पण पाटीवर अजून 'सुवर्ण लॉजिंग' असं बापाच्या वेळचं नाव होतं. रुपराव मुक्कामाला तिथेच उतरले.

एकतीस साली चंपतरावांचे वडील वामनराव, गावचे मालगुजार म्हणजे जमीनदार, यांच्या जमिनीत नदीकाठी सोनं लागलं. ते ओळखलं बळीराम झारेकऱ्याने. झारेकरी म्हणजे सोनारांच्या दुकानातली झाडलेली धूळ विकत घेऊन, ती काठवटीत धुऊन, तिच्यातून सोन्याचे कण काढणारे लोक. मालगुजारांनी त्याला मुद्दाम नागपूरहून आणलं होतं. त्याने पहिल्याच दिवशी धुतलेलं सव्वा तोळा सोनं कुपीत भरून देवीपुढे ठेवलं आणि ही बातमी वणव्यासारखी पसरली. नागपूर, कामठी, भंडारा, पार रायपूरहून माणसं आली. मालगुजारांनी काठावरची जमीन तुकड्यातुकड्याने दिली आणि ते गबर झाले. आठ महिन्यांत दिवे लागले, थिएटर उभं राहिलं, सराफांची ओळ बसली.

मग दसरा आला. देवीला मुकुट करायचा म्हणून प्रत्येकाने आपल्या वाट्याचं थोडं थोडं सोनं एका थैलीत टाकलं आणि थैली बळीरामाकडे ठेवायला दिली, कारण त्याच्याइतका विश्वासाचा दुसरा नव्हता. नवमीच्या संध्याकाळी बळीराम थैलीसकट नाहीसा झाला. त्या दिवसापासून नदीनेही हात आखडला. महिनाभरात तंबू उठले. उरलेल्यांनी दसऱ्याला आपट्याचं पान वाटणंच सोडून दिलं. सोनटोलीत कोणी कोणाला सोनं देत नाही, त्रेचाळीस वर्षं झाली.

बळीरामाची बायको आणि पाच वर्षांची देवकी मागे राहिल्या. चोराची बायको आणि चोराची पोर. आई तशीच मेली. देवकीचं लग्न जमलं नाही. ती निंदणी करून, देऊळ झाडून जगली, आणि आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिची ती एक खोलीही जाणार होती.

सूर्य कलला तसे बाबाराव बोलता बोलता थांबले आणि नदीकडे कान लावून बसले. रुपरावांनी विचारलं, काय ऐकता?

"बळीराम रोज यावेळी वाळू धुते," बाबाराव अगदी साध्या आवाजात म्हणाले, दूधवाला येतो म्हणावं तसं. "काठवटीत खळ्ळ खळ्ळ आवाज येते. वरच्या वळणावर. तिकडे कोणी जात नाही. पण काल नाही आला, आजही नाही. कुपी गेली न, म्हणून असंल."

"याआधी कधी खंड पडला होता?"

बाबारावांनी डोकं खाजवलं. मागच्या थंडीत वीसेक दिवस नदी गप्प होती खरी. लोकांना वाटलं, सुटला बिचारा. पण पुन्हा सुरू झालं. आणि उद्याच्या नवमीला तर चुकायचंच नाही, त्याच संध्याकाळी तो गेला होता.

रुपराव भूतबीत मानत नसत. तरी त्या रात्री त्यांनी खोलीची नदीकडची खिडकी लावून घेतली.

३

नवमीला सकाळी ते देवळात गेले. तिथे त्यांना नत्थूजी भेटले, देवळाचे दिवेकरी. सोन्याच्या दिवसांत रस्त्यावरचे दिवे लावायचे, रस्ते विझल्यावर देवीचा दिवा सांभाळायला लागले. पासष्टीचं शरीर, डोळ्यांवर मोतीबिंदू काढल्यावर देतात तसा जाड भिंगांचा चष्मा. देवळातल्या घंटेवर जसा कोणी संशय घेत नाही, तसा त्यांच्यावर कोणी घेतला नव्हता. त्यांनी थोडक्यात सांगितलं: परवा संध्याकाळी दिवा लावला तेव्हा कुपी होती, काल आरतीला नव्हती. दाराला कुलूप नसतंच.

रुपराव गुडघे टेकून फरशी पाहू लागले. देवळात सगळीकडे फरशांच्या फटींत काळी मळी होती. फक्त देवीच्या पायथ्याशी, दोन हातांच्या जागेत, फटी कोरून काढल्यासारख्या लख्ख होत्या. एका फटीत काचेचा बारीक तुकडा चमकला. म्हणजे कुपी चोराच्या हातून पडून फुटली. दुसरा एखादा हाताला लागेल तेवढं गोळा करून पळाला असता. याने मात्र फटी खरवडल्या, पाणी घातलं, चिखल टिपून नेला. धुळीतलं सोनं सोडायचं नसतं हे ज्याच्या हाडात मुरलं आहे, तोच असं करतो.

"आता पटलं?" मागून चंपतराव म्हणाले. "झारेकऱ्याचं रक्त आहे."

 रुपरावांची नजर समईच्या तेलकट बैठकीवर गेली होती. तिथल्या तेलात एक पिवळा ठिपका अडकला होता. सुईच्या टोकाने त्यांनी तो उचलला, भिंगाखाली धरला. त्यांनी तो कसोटीवर दाबून रेघ ओढली, तेजाबाचा थेंब सोडला, आणि बराच वेळ त्या रेघेकडे पाहत बसले. मग दाराशी तोंडाला पदर लावून उभ्या असलेल्या देवकीला ते म्हणाले, की तुझ्या घरी मला जरा पाणी मिळेल का.

देवकीचं घर म्हणजे एक खोली, पण सारवलेली, आणि दारात झेंडू. चुलीशी दोन भाकरी झाकून ठेवल्या होत्या. एक माझी आणि एक नत्थूकाकाची, ती म्हणाली. आई गेल्यापासून ती रोज त्यांना भाकर नेऊन देत होती. गावात तिला नावाने हाक मारणारा तो एकच माणूस होता.

रुपरावांनी तिच्या परातीत अंगणातली वाळू आणि पाणी घातलं आणि म्हणाले, धुऊन दाखव. तिने परात तांदूळ पाखडावेत तशी वर उडवली आणि सगळी वाळू तिच्याच पायावर पडली. झारेकरी परात कधी उडवत नाही, तो ती पाण्यावर फिरवतो.

"मायनं बाबाची काठवट चुलीत घातली होती," देवकी म्हणाली. "म्हणे, ह्या घरात आता कोणी सोनं धुणार नाही. मले कोणी शिकवलंच नाही, दादा. पण हे मी कोणाले सांगू? माझं कोण ऐकते?"

रुपरावांना एकदम आपलं पंधरावं वर्ष आठवलं. ते नुकतेच सराफ्यात उमेदवारीला लागले होते. त्या साली दुकानांच्या पायऱ्यांवर झारेकरी उपाशी बसून असत, कारण कोणा बाहेरगावच्या धनवंताने सगळ्या दुकानांची धूळ महिनोन् महिने उचलून नेली होती. त्यांचे उस्ताद हसून म्हणाले होते, धुळीचं हा करणार तरी काय. ते साल एकतीस होतं.

"नत्थूकाकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन कधी झालं?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मागच्या थंडीत. नागपूरच्या दवाखान्यात वीस दिवस होते. मीच भाकर घेऊन गेली होती दोनदा."

रुपरावांनी हातातला पाण्याचा पेला न पिताच खाली ठेवला.

४

दुपारच्या एस.टी.ने आपण परत चाललो, आपल्याच्याने काही होत नाही, असं रुपरावांनी देवळाच्या पायरीवर उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. चंपतरावांनी खांदे उडवले. रुपराव गाडीत बसले, पुढच्या गावाला उतरले आणि नदीच्या काठाकाठाने चालत मागे आले.

वरच्या वळणावर ते पोचले तेव्हा ऊन नुसतं शेंड्यांवर उरलं होतं. तिथे एक प्रचंड आपटा होता. त्रेचाळीस वर्षांत त्याची एक फांदी कोणी मोडली नव्हती. त्याच्या पुढे सोन्यासाठी खणलेल्या आणि मग बुजवलेल्या खड्ड्याचा खोलगट भाग होता, बोरीबाभळींनी भरलेला. रुपराव बुंध्याआड बसले. वारा पडला होता. आणि मग तो आवाज आला.

खळ्ळ. खळ्ळ. खळ्ळ.

 सगळं ताडलेलं असूनही त्या क्षणी रुपरावांना वाटलं की आपण चुकलो, गावच खरं. मग त्यांनी धीर करून वाकून पाहिलं. गुडघाभर पाण्यात पाठमोरा एक माणूस काठवट फिरवत होता, अगदी हलक्या हाताने.

"नत्थूजी," रुपराव म्हणाले, "कोणाचं सोनं धुवून राहिले?"

काठवट थांबली. म्हातारा वळला नाही.

"मीच टाकलं होतं," तो म्हणाला. "मीच वेचून राहिलो."

मग रुपरावांनी काठावर बसून आपण काय जुळवलं ते सांगितलं. नदीतलं सोनं पाण्याने घासून चपटं, गुळगुळीत होतं. समईच्या तेलातला कण पिळाचा होता, कानशीतून पडणाऱ्या किसासारखा, आणि कसोटीवर त्याची रेघ तांबूस उठली, दागिन्याच्या सोन्याची उठते तशी. म्हणजे देवीपुढचं पहिलं सोनं इतवारीतल्या सोनारांच्या धुळीतलं होतं, आणि ती धूळ मालगुजारांनी नदीत पेरली होती. कुपी नाहीशी करणाऱ्याला पैशाची हाव नव्हती. हे कळू नये, एवढंच त्याला हवं होतं. त्याला धुणं येत होतं, आणि देवकीला ते येत नाही. आणि नदीवरचं भूत वीस दिवस गप्प होतं तेव्हा गावातला एकच माणूस बाहेर होता.

नत्थूजींनी काठवट वाळूवर ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. ते तेव्हा बावीस वर्षांचे, मालगुजारांच्या घरचे गडी. पहाटे धूळ पेरायचे आणि संध्याकाळी दिवे लावायचे. बळीराम इमानाने धूत राहिला. पण जन्मभर सोनारांची धूळ त्याच्या हातांतून गेलेली. शेवटी त्याने ओळखलं. आधी चार पैशांच्या आशेने डोळेझाक केली असेल, कोण जाणे. पण लोक बायकांचे दागिने मोडून जमिनी घ्यायला लागले तेव्हा तो मालगुजारांना म्हणाला, दसऱ्याला सगळ्यांसमोर सांगणार.

"नवमीले मालक म्हणाले, बळीरामले खड्ड्यापाशी बोलावून आण. मी गेलो. तो जेवून राहिला होता. पोरगी मांडीवर होती. मी म्हटलं, बळीराम, चाल गा, मालक बोलावून राहिले. तो ताटावरून उठला." म्हाताऱ्याने खड्ड्याकडे पाहिलं. "तिथं मालकाचे दोन माणसं होते. मले वाटलं, धमकावतील. देवीची शपथ, मले तेवढंच वाटलं. थैली मालकाच्या घरी गेली. खड्डा रातोरात बुजवला."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"हाव."

मालगुजार मेल्यावर त्यांनी ही काठवट केली होती आणि बळीरामाला धुताना पाहिलं होतं तसं धुवायला लागले होते. नदी कधी एक कण देई, कधी महिनाभर काहीच नाही. जमेल ते देवकीला ठेवून जायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. रुपराव कस लावायला येणार हे कळलं आणि त्यांचा धीर सुटला. पहिलं सोनं खोटं ठरलं की कोणीतरी बळीरामाचं विचारणारच.

"तिच्यावर आळ आला तेव्हा काहून नाही बोलले?"

"ती रोज भाकर देते मले. काका म्हणते." म्हातारा लहान मुलासारखा रडू लागला. "तुम्ही सांगा सगळ्यायले. पण मी मेल्यावर सांगा."

रुपरावांना त्यांची कीव आली आणि तितकाच रागही आला. खरं बोलायला यांना घासावं किती, असं त्यांना वाटलं.

"उद्या सभेत चंपतराव तिले घर सोडायले सांगतील," ते म्हणाले. "तोवर मी थांबतो. मग मी उठीन. त्याआधी उठायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

५

दसऱ्याच्या दुपारी देवळापुढे सगळं गाव जमलं. देवकी एका बाजूला बसली होती, शेजारी तिचं बोचकं. ती बांधाबांध करूनच आली होती. रुपरावांना परत आलेलं पाहून कुजबुज झाली. नत्थूजी समईपाशी मान खाली घालून बसले होते.

चंपतराव बोलायला उभे राहिले. त्यांना त्यात आनंद नव्हता, हे दिसत होतं. बापाने सांगितलेली गोष्ट त्यांनी जन्मभर खरी मानली होती. ते म्हणाले, बापाने गाव बुडवलं, लेकीने देवीला लुबाडलं, आता गावाने किती सोसायचं. कोणाला काही म्हणायचं आहे का?

कोणी हललं नाही. रुपरावांनी पिशवीतली कसोटी हातात घेतली आणि एक, दोन असं दहापर्यंत मनात मोजलं. समईपाशी काहीच हालचाल नव्हती. ते उठायला लागले, आणि तेवढ्यात घंटा वाजली. नत्थूजी उभे राहताना तिच्या दोरीला धरून उभे राहिले होते.

"कुपी मी घेतली," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं, काही न वगळता. आपण मारलेली हाकही सांगितली. हळदीच्या फडक्यात बांधून ठेवलेलं पहिलं सोनं काढून देवीपुढे ठेवलं, आणि एक छोटी बाटली देवकीच्या बोचक्याशी ठेवली. तिच्या तळाशी चिमूटभर पिवळं होतं. रुपरावांनी कसोटीवरची रेघ चंपतरावांना दाखवली आणि तिचा अर्थ सांगितला. चंपतरावांनी ती पाहिली, मग देवळाच्या दारावर कोरलेलं आपल्या बापाचं नाव पाहिलं, आणि ते जिथे उभे होते तिथेच खाली बसले. बाबाराव नुसते नदीकडे बघत राहिले. खाण गेली, दिवे गेले, आणि भूतही गेलं.

सगळ्यांचे डोळे देवकीवर होते.  ती उठली, बाटली उचलून नत्थूजींच्या हातात परत दिली आणि म्हणाली, "कुठं आहे तो? दाखवा."

नत्थूजी पुढे, ती मागे, आणि तिच्यामागे सगळं गाव. त्रेचाळीस वर्षांत तिकडे कोणी गेलं नव्हतं. आपट्यापाशी नत्थूजी थांबले आणि त्यांनी बोरींनी भरलेल्या खड्ड्याकडे बोट केलं.

"त्याले हाक मारा," देवकी म्हणाली.

म्हाताऱ्याला कळलं नाही.

"त्या दिवशी जशी मारली तशी मारा. जेवता जेवता उठवलं न त्याले? आता घरी बोलावा."

नत्थूजींचे ओठ नुसते हलले. दोनदा आवाज फुटला नाही. तिसऱ्यांदा फुटला तो साऱ्या नदीवर गेला.

"बळीराम! चाल गा! घरी चाल. पोरगी बोलावून राहिली."

कुठूनही काही आवाज आला नाही. बायांनी तोंडाला पदर लावले. चंपतराव गर्दीतून पुढे आले, त्यांनी आपट्याची एक फांदी मोडली आणि पानं दोन्ही हातांनी देवकीपुढे धरली.  तिने त्यातलं एक पान घेऊन खड्ड्याच्या काठावर ठेवलं. मग लोक एकेक करून झाडापाशी गेले, आणि अंधार पडायच्या आत सोनटोलीत पुन्हा सोनं वाटलं गेलं. देवकीच्या पायाशी पानांचा ढीग झाला. नत्थूजी दूर बसले होते. त्यांना कोणी पान दिलं नाही आणि त्यांनीही कोणापुढे हात केला नाही.

दुसऱ्या दिवशी उमरेडहून पोलिसांची गाडी येणार होती. त्याआधीच्या एस.टी.साठी रुपराव भल्या सकाळी निघाले आणि देवीला नमस्कार करायला देवळाशी थांबले. नत्थूजी आत समईत तेल घालत होते. पायरीवर एक ताटली झाकून ठेवली होती. रुपरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच झाकण उचललं. आत आपट्याचं पान नव्हतं. रोजची एक भाकर होती, आणि ती अजून गरम होती.